बहिऱ्या काकांची मान

टॉमसिन : बाह्या वर करा आधी. तिथे लोणी आहे.

बिशप : केल्या.

टॉमसिन : आणखी वर. काका, एवढ्या कापडात माझ्या दोन्ही खाटांच्या चादरी झाल्या असत्या. यात जेवता तरी येतं का तुम्हाला?

बिशप : येत नाही. तिकडे एक माणूस मागे उभा राहून बाह्या धरतो.

टॉमसिन : अगं बाई! आणि इथे अकरा वर्षं माझ्या नवऱ्याच्या जुन्या कोटात काढलीत, तेव्हा कोण धरत होतं?

बिशप : त्या कोटाला बाह्याच कुठे होत्या? उंदरांनी खाल्ल्या होत्या.

टॉमसिन : एकच खाल्ली होती. कोटाला नावं ठेवायची नाहीत. त्या कोटाने तुम्हाला माझा बहिरा काका केलं. या अवतारात आला असतात तर राजाचं डोकं उडवणाऱ्या त्या पार्लमेंटच्या शिपायांनी फाटकातच मुसक्या बांधल्या असत्या.

बिशप : नावं ठेवत नाही गं. तो कोट मी माझ्या खोलीत खुंटीला टांगून ठेवलाय. माझा कारभारी फेन रोज विचारतो, महाराज, हे लक्तर जाळू का. मी म्हणतो, आधी तुझा कोट जाळ.

टॉमसिन : बरं, आता सांगा. राजा परत आला, तुम्ही पुन्हा बिशप झालात, दोन वर्षांत एकदा तोंड दाखवलं नाहीत. आणि आज चार घोड्यांची गाडी घेऊन माझ्या अंगणात. कोंबड्या बावचळल्यात नुसत्या. काय काढलंत?

बिशप : पेनफोल्डला निरोप धाडलास ना?

टॉमसिन : धाडला. पण तुम्ही आलाय हे नाही कळवलं. कळवलं असतं तर आले नसते पाळकबुवा. माझी बैलगाडी न्यायला या म्हटलं. सोमवारी सामान हलवायचंय त्यांना.

बिशप : सामान बांधतोय म्हणजे.

टॉमसिन : काल डॉर्कस पुस्तकं भरत होती. पाच मुली, तीन गोणी पुस्तकं, आणि भांडी सगळी एका टोपलीत मावली. कुठे जाणार म्हणून विचारलं तर म्हणाली, देव दाखवेल. देवाने अजून काही दाखवलेलं नाही, काका. आणि उद्याचा रविवार शेवटचा.

बिशप : पुढच्या रविवारी संत बार्थोलोम्यूचा सण. ज्याच्या डोक्यावर बिशपने हात ठेवून दीक्षा दिलेली नाही, त्याला त्या दिवसापासून चर्चमध्ये उभं राहता येणार नाही. राजाचा कायदा आहे.

टॉमसिन : तुमचा कायदा.

बिशप : मी तिथे बसलेला होतो एवढं खरं. हात वर केला होता का, ते विचारू नकोस.

टॉमसिन : विचारलं.

बिशप : केला होता. पंधरा वर्षं त्यांनी आम्हाला उंदरासारखं हुसकलं, टॉमसिन. माझ्या चर्चच्या खिडक्या फोडल्या, माझ्या वेदीवर घोड्यांना दाणा घातला. हात आपोआप वर गेला. मग घरी आलो, आणि फेनने यादी पुढे ठेवली. माझ्या हाताखालचे एकोणचाळीस पाळक. त्यात हे नाव. गिडियन पेनफोल्ड, हेझलकोट.

टॉमसिन : माझी लेक जोन देवीच्या रोगाने गेली, तेव्हा गावातलं एक माणूस खड्डा खणायला आलं नाही. तुम्ही माळ्यावर तापाने फणफणत पडला होता. पाळकबुवांनी खणला. एकट्याने. पावसात.

बिशप : ठाऊक आहे.

टॉमसिन : आणि पोरीला घेऊन निघाले तेव्हा मला म्हणाले, बाई, तुम्ही मागून या, हिचं मी बघतो. असा माणूस तुम्ही रस्त्यावर काढणार.

बिशप : नाही काढणार. त्यासाठीच आलोय. हा कागद बघ.

टॉमसिन : बघितला. काळं-पांढरं दिसतंय. पुढे?

बिशप : वाचतो. “सन सोळाशे पन्नास, जून महिना, छळाच्या काळात, हेझलकोट गावी टॉमसिन नावाच्या विधवेच्या घरात, मी अँब्रोज लिडन, बिशप, याने गिडियन पेनफोल्ड याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला गुप्तपणे पाळकपदाची दीक्षा दिली.” खाली माझी सही. त्याखाली तुझी फुली हवी. साक्षीदार म्हणून.

टॉमसिन : जूनमध्ये? जूनमध्ये तुम्ही त्या तीन तरण्यांना दीक्षा दिलीत. या चीजच्या टेबलापाशी गुडघे टेकले होते त्यांनी, आणि मी दारात वाटाणे सोलत राखण करत होते. पाळकबुवा कुठे होते त्यात?

बिशप : चौथा तो.

टॉमसिन : तीन होते.

बिशप : चार.

टॉमसिन : काका!

बिशप : अगं, कोण बघायला येणार? तेव्हाची नोंदच नाही कुठे. माझी वही मीच तुझ्या भट्टीत जाळली. त्या काळात कोणाला दीक्षा दिली आणि कोणाला नाही, हे जगात दोनच माणसांना माहीत आहे. एक मी, एक तू. मी म्हणेन ते खरं. फुली मार.

टॉमसिन : शिपायांशी मी कमी खोटं नाही बोलले हो. काका बहिरे आहेत म्हटलं, काका अर्धवट आहेत म्हटलं, काकांना फिट येते म्हटलं.

बिशप : अर्धवट म्हणायची गरज नव्हती.

टॉमसिन : ते तर सगळ्यात आधी पटलं त्यांना. पण ते माझ्या दारात तलवार घेऊन विचारत होते. इथे कोणी विचारत नाहीये, आणि तुम्ही चार घोडे जुंपून खोटं घेऊन आलात. मला बोचतंय कुठेतरी. त्यांना आधी विचारा. ते हो म्हणाले तर मी दहा फुल्या मारते.

पेनफोल्ड : टॉमसिनबाई! गाडी न्यायला आलो. दारात सोनेरी दिव्यांची उभी आहे, तीच का? माझ्या पुस्तकांना एवढी सवय नाही.

टॉमसिन : या, पाळकबुवा. डोकं सांभाळा, चौकट खाली आहे. पाहुणे आहेत.

पेनफोल्ड : दिसले. या बाह्या कोपऱ्यापलीकडूनही दिसतात. नमस्कार, लिडनसाहेब.

बिशप : लोक मला महाराज म्हणतात, पेनफोल्ड.

पेनफोल्ड : म्हणोत. माझा महाराज एकच आहे आणि त्याला बाह्या नव्हत्या.

टॉमसिन : झालं सुरू! बसा दोघंही. सफरचंदाची दारू काढलीय, आणि चीज घ्या. जो आधी भांडेल त्याला ताक.

बिशप : बस, पेनफोल्ड. सरळ बोलतो, मला वळणं घेता येत नाहीत. गुडघे टेक इथे. मी डोक्यावर हात ठेवतो, दोन प्रार्थना म्हणतो, पाव तासात होतं. चर्च तुझं, घर तुझं, मुली आपापल्या अंथरुणात.

पेनफोल्ड : माझी दीक्षा झालेली आहे. सन सेहेचाळीसमध्ये. सात पाळकांनी हात ठेवले होते.

बिशप : सात पाळक मिळून अर्धा बिशप होत नाही.

पेनफोल्ड : ते तुमचं गणित. मी सोळा वर्षं या गावात बाप्तिस्मे केले, लग्नं लावली, माणसं पुरली. आज गुडघे टेकले तर त्याचा अर्थ एकच. आजवर मी पाळक नव्हतो. मग ती लेकरं कोणी धुतली? टॉमसिनबाईंच्या जोनला कोणी पुरलं? एका वाटसरूने?

बिशप : तसं कोणी म्हणत नाही.

पेनफोल्ड : कायदा म्हणतो. शिवाय शपथ आहेच. नव्या प्रार्थनापुस्तकातलं अक्षर न् अक्षर मला मनापासून मान्य आहे, असं लोकांसमोर म्हणायचं. ते पुस्तक हेझलकोटला अजून पोचलेलंही नाही. न वाचता मनापासून मान्य करू?

बिशप : अरे, एक ओळ आहे! एक ओळ म्हणायची आणि मोकळं व्हायचं. पाच मुलींसाठी माणूस एक ओळ म्हणू शकत नाही?

टॉमसिन : काका, तुम्हालाही एकच ओळ म्हणायची होती.

बिशप : काय?

टॉमसिन : पार्लमेंटची शपथ. बिशप नकोत अशी. म्हणा आणि घरी जा, म्हणाले होते तुम्हाला. तुम्हीच सांगितलंत मला, याच बाकावर बसून. ती म्हटली नाहीत म्हणून सतरा महिने तुरुंगात, आणि मग माझ्या माळ्यावर उंदरांत. तेव्हा तुमचा तो धर्म, आणि आता यांचा तो हट्ट?

बिशप : ती शपथ खोटी होती.

पेनफोल्ड : ही मला खोटी आहे.

बिशप : तू चीज काप, टॉमसिन.

टॉमसिन : कापतेय. बोलायला हात लागत नाहीत.

बिशप : बरं. गुडघे नको, शपथ नको. शपथेचं मी बघतो. फेनला सांगेन, माझ्यापुढे म्हणून झाली. हा कागद घे. वाच. मोठ्याने नको.

पेनफोल्ड : ...हे कधी झालं?

बिशप : लिहिलंय त्यात. जून, सोळाशे पन्नास.

पेनफोल्ड : जून पन्नासमध्ये मी इथून वीस मैलांवर होतो. सासरे वारले होते.

बिशप : मग जुलै करतो.

पेनफोल्ड : लिडनसाहेब, हे तुम्ही लिहिलंत? तुमच्या हाताने?

बिशप : दुसऱ्या कोणाच्या हाताने लिहू? फेनच्या?

पेनफोल्ड : आणि सही तुमची.

बिशप : माझी. मी शहात्तर वर्षांचा आहे. फार दिवस देवासमोर उभं राहायचं टळणार नाही. तिथे या कागदाचं मी उत्तर देईन. तुला काही बोलायचं नाही, काही वाकायचं नाही. नुसतं कोणी विचारलं तर गप्प बसायचं. एवढंही जमणार नाही?

पेनफोल्ड : नाही.

बिशप : का?

पेनफोल्ड : हे खोटं आहे म्हणून.

बिशप : डॉर्कसला विचार. मुलींना विचार. मग सांग.

पेनफोल्ड : डॉर्कसला विचारलं. ती म्हणाली, पुस्तकांना गोण्या पुरणार नाहीत, एक उसनी आण.

बिशप : सुंभ जळला तरी पीळ जात नाही! देवा, काय माणसं आहेत ही. मी माझा आत्मा गहाण टाकून बसलोय इथे, आणि हा माझ्याकडे असा बघतोय, जसं काही मी याच्या खिशात हात घातला. एवढी नाजूक सद्सद्विवेकबुद्धी! मला सांग पेनफोल्ड, अकरा वर्षं कुठे होती ती?

टॉमसिन : काका, दमानं.

बिशप : नाही, बोलू दे. आज बोलतो. अकरा वर्षं मी चर्चमधल्या त्या खांबाआड बसून याचं प्रवचन ऐकलं. दर रविवारी तीन तास. बहिऱ्याचं सोंग, त्यामुळे जांभई द्यायचीही चोरी. आणि अकरा वर्षांत, टॉमसिन, या माणसाने आपल्या तारणाऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही. येशू हा शब्द त्या चर्चमध्ये ऐकू आला नाही. मोशे ऐकला, अहरोन ऐकला, इस्राएलांची खानेसुमारी तर तीन वेळा ऐकली. निवासमंडपाच्या पडद्याला किती आकडे होते ते मला झोपेत विचारा. मला वाटायचं, याला जुन्या कराराच्या पुढे वाचताच येत नाही. नाताळला, अरे नाताळला याने बलामाच्या गाढवीवर प्रवचन केलं!

पेनफोल्ड : नाताळवर तेव्हा पार्लमेंटची बंदी होती.

बिशप : नावावर नव्हती! ज्याचं खातोस त्याचं नाव घ्यायला तुला जड जात होतं, आणि आज एका कागदाने तुझा धर्म बुडतोय?

पेनफोल्ड : पहिल्या रविवारी घेतलं होतं.

बिशप : काय?

पेनफोल्ड : नाव. तुम्ही पहिल्यांदा चर्चमध्ये आलात त्या रविवारी. सन एकोणपन्नास, मार्च. मी सतरा वेळा घेतलं.

बिशप : मोजलं होतंस?

पेनफोल्ड : मी नाही मोजलं. तुमची मान मोजत होती.

बिशप : माझी मान...

पेनफोल्ड : टॉमसिनबाईंनी सगळ्या गावाला सांगितलं होतं, काका ठार बहिरे आहेत. त्याच आठवड्यात शिपायांच्या कॅप्टनने तुमच्या कानामागे पिस्तूल उडवून पाहिलं. तुमची पापणी हलली नाही म्हणे. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. आणि रविवारी मी व्यासपीठावरून येशू म्हटलं, आणि खांबाआडच्या बहिऱ्या म्हाताऱ्याने मान वाकवली.

टॉमसिन : अरे देवा.

पेनफोल्ड : मला वाटलं, डुलकी लागली असेल. पुन्हा म्हटलं. पुन्हा वाकली. सतरा वेळा नाव, सतरा वेळा मान. त्या नावाला मान वाकवायची ही खोड बिशपांच्या माणसांची. आमच्यात कोणी वाकवत नाही. मी तर तिला अंधश्रद्धा समजतो.

बिशप : आजही?

पेनफोल्ड : आजही. तुमच्या मागच्याच बाकावर तो कॅप्टन बसला होता. सुदैवाने तो माझ्याकडे बघत होता. दर रविवारी माझ्याकडे बघत राहील याची खात्री कोण देणार? मी इतका चांगला वक्ता नाही.

बिशप : म्हणून तू...

पेनफोल्ड : म्हणून मी जुन्या करारात गेलो. तिथे ते नाव नाही. नव्यातलं काही वाचलं की एका पानावर चार वेळा येतं. कोकरू म्हटलं, मेंढपाळ म्हटलं, दाविदाचा पुत्र म्हटलं. त्याला तुमची मान हलत नव्हती. तीन आठवडे एकेक शब्द उच्चारून बघितला मी. कशाला हलते, कशाला नाही.

टॉमसिन : आणि काका आजारी असले की! अहो काका, मी तुम्हाला घरी येऊन सांगायची ना, आज पाळकबुवांना काय झालं होतं कोण जाणे, नुसतं येशू येशू चाललं होतं, डोळ्याला पाणी होतं त्यांच्या. मला वाटायचं, तुम्ही अंथरुणाला खिळलात की त्यांना भक्तीचा भर येतो!

पेनफोल्ड : त्या रविवारी पोटभर घ्यायचो. तुम्ही वर्षातून दोनदाच आजारी पडायचात, लिडनसाहेब. प्रकृती फार चांगली होती तुमची.

टॉमसिन : आणि तो चोपन्नचा उन्हाळा? तुम्ही मला म्हणालात, काकांना बाहेर काढू नका, हवा वाईट आहे. मी तुम्हाला माळ्यावर कोंडून ठेवलं काका, तीन महिने. हवा तर इतकी छान होती.

बिशप : त्या उन्हाळ्यात दुसराच कोणी प्रवचन करत होता. लांब नाकाचा. पेनफोल्ड कुठे गेला होता, मला कोणी सांगितलं नाही. मी विचारूही शकत नव्हतो, बहिरा होतो.

पेनफोल्ड : मी घरीच होतो. आमच्या पाळकांच्या मंडळाने मला जाब द्यायला उभं केलं होतं. गावातल्याच कोणीतरी चुगली केली, हा पाळक ख्रिस्ताचं नाव घेत नाही. मंडळाने विचारलं, हे खरं आहे का? मी म्हटलं, खरं आहे. का घेत नाहीस? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

टॉमसिन : होतं की.

पेनफोल्ड : देण्यासारखं नव्हतं. तीन महिने व्यासपीठ काढून घेतलं. तो लांब नाकाचा दर वाक्याला नाव घ्यायचा. तुमची मान तिथे असती तर दुपारपर्यंत फासावर गेली असती.

बिशप : तीन महिने लोकांनी तुला नास्तिक म्हटलं असेल.

पेनफोल्ड : डॉर्कसच्या भावाने म्हटलं. अजून बोलत नाही तो आमच्याशी.

बिशप : बिशप आहे हे कधी कळलं?

पेनफोल्ड : महिन्याभरात. तुमच्या शोधाचं पत्रक आलं होतं, चर्चच्या दारावर लावायला. उंच, सावळा, डाव्या भुवईवर व्रण. मी लावलं. भुवईवर खिळा मारला.

बिशप : का? पेनफोल्ड, का केलंस? मी तुझ्या जागी असतो, आणि खांबाआड तू असतास, तर मी...

पेनफोल्ड : दिलं असतंत पकडून?

बिशप : माहीत नाही. हेच तर. माहीत नाही.

पेनफोल्ड : मी तुमचा धर्म वाचवला नाही. बिशपांचं राज्य मला तेव्हाही नको होतं, आता तर त्याहून नको. पण मी एक माणूस पाहिला. कानाशी पिस्तूल उडलं तर तो हलत नव्हता, आणि ते नाव आलं की मागे फास दिसत असूनही त्याला मान ताठ ठेवता येत नव्हती. जमतच नव्हतं. ती मान खोटं बोलू शकत नव्हती. मी म्हटलं, असा एक तरी देशात असू दे, चुकीच्या बाजूला का होईना. आणि आज तोच माणूस मला हा कागद देतोय. तुमच्या हाताला काय झालं, लिडनसाहेब? मान तर अजून जागेवर आहे.

(टॉमसिन चीजवरचं फडकं नीट करते.)

टॉमसिन : काका, तो कागद इकडे द्या. भट्टी पेटायला मागतेय.

बिशप : घे.

टॉमसिन : सही फाडून ठेवू? छान आलीय.

बिशप : सगळा घाल.

पेनफोल्ड : टॉमसिनबाई, मी राग म्हणून नाही बोललो.

टॉमसिन : राग म्हणूनच बोललात. आणि बरं केलंत. मी सकाळपासून तेच शोधत होते, मला काय बोचतंय ते. आता माझं ऐका दोघं. सोमवारी देव काय दाखवणार ते मला ठाऊक आहे. माळा रिकामा आहे.

पेनफोल्ड : पाच मुली आहेत, बाई.

टॉमसिन : मी मोजल्यात. तिघी माझ्याजवळ झोपतील, दोघी तुमच्याकडे माळ्यावर. खाट आखूड आहे, काकांना विचारा, पाय भिंतीत घालावे लागतात. उंदरांची सवय होते.

पेनफोल्ड : तुम्हाला त्रास देतील. मला ठेवल्याबद्दल.

टॉमसिन : अकरा वर्षं एका बाजूच्यांनी त्रास दिला, आता दुसऱ्या बाजूचे देतील. माझं दार तेच आहे. तुम्हाला फक्त बहिरा करता येणार नाही. तुम्ही मुके झालात तरी तीन तास बोलाल.

बिशप : फेन माणसं पाठवेल, टॉमसिन. काढून टाकलेल्या पाळकाला कोणी थारा दिला त्याची यादी करतोय तो.

टॉमसिन : करू दे. माझ्या नावाला फुली पुरते.

बिशप : त्याला सांग, आधी माझं नाव लिही. पहिलं. सोमवारी ती गाडी इथेच राहील आणि पेनफोल्डची पुस्तकं आणेल. सोनेरी दिव्यांसकट, गावातून, भर दुपारी.

पेनफोल्ड : मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही.

बिशप : तू चालत ये. पुस्तकं बसतील.

पेनफोल्ड : पुस्तकांनाही विचारावं लागेल.

बिशप : आणि तुझ्या जागी नवा माणूस पाठवायचा म्हणतो फेन. पाठवू दे. पण तो इथे पहिल्यांदा उभा राहील तेव्हा मी शेजारी उभा असेन, आणि गावाला सांगेन, याच्या आधी जो होता तो पाळक होता. त्याने धुतलेलं लेकरू धुतलेलं आहे. त्याने पुरलेलं माणूस पुरलेलं आहे.

टॉमसिन : जोनचंही सांगाल?

बिशप : नावानिशी.

पेनफोल्ड : कायदा तसं म्हणत नाही, लिडनसाहेब.

बिशप : कायद्याला मी हात वर केला होता. तोच हात खाली घेतो. मला काढायचं तर काढोत. एकदा काढलं होतं, मला वाट माहीत आहे.

टॉमसिन : मग तुम्ही कुठे झोपाल? माळा तर भरला.

बिशप : भट्टीमागे. आणि कोट आहे माझ्याकडे.

पेनफोल्ड : मी निघतो. उद्याचं प्रवचन अजून लिहून व्हायचंय.

बिशप : उद्या मोशे की अहरोन?

पेनफोल्ड : योहानाचं शुभवर्तमान. सगळं. मी अकरा वर्षांचं साठवून ठेवलंय. राजा आल्यापासून घेतोय थोडं थोडं, पण तुमच्याकडे बघून एकदाही घेतलं नाही.

बिशप : उद्या मी येणार आहे.

पेनफोल्ड : बिशपने यायचं नसतं. माझ्यासारख्याच्या शेवटच्या प्रवचनाला बिशप बसला हे लंडनला दोन दिवसांत कळेल.

बिशप : दीड दिवसात. फेनचा घोडा चांगला आहे.

पेनफोल्ड : बाह्या घालून येणार?

बिशप : घालून. अकरा वर्षं त्यांच्याशिवाय ऐकलं तुला.

पेनफोल्ड : मला त्या आवडत नाहीत.

बिशप : मला तुझं ते काळं टोपडं आवडत नाही. तरी येतोय.

पेनफोल्ड : मी मान वाकवणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. नाव घेईन, पण वाकणार नाही.

बिशप : तू नुसतं घे. वाकायचं माझ्याकडे लागलं.

टॉमसिन : योहानाचं सगळं म्हणतायत, काका. मान मोडेल या वयात.

बिशप : मोडू दे.

टॉमसिन : मग सकाळी लवकर जाऊन जागा धरते. तीच ना, खांबाआडची?

बिशप : नको. पुढची.